“पोटाचा काही त्रास नाही”: संधिवाताच्या गोळ्या आणि एक लांबलचक पाठपुरावा

संधिवाताच्या रुग्णाला दर भेटीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. “गोळ्या बाधत नाहीत ना? पोटाचा काही त्रास?” रुग्ण म्हणतो, “नाही, पोटाचा काही त्रास नाही.” मग तीच गोळी पुढे चालू राहते. कित्येक दशकं हा संवाद असाच चालत आला आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. जळजळ झाली तर गोळी बदलायची, नाही झाली तर तीच सुरू ठेवायची, हे तर्काला धरूनच होतं.

तो तर्क अपुरा निघाला. हे कुठल्या प्रयोगशाळेत कळलं नाही की एखाद्या हुशार डॉक्टरच्या अनुभवातूनही समजलं नाही. ते कळलं अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो रुग्णांनी दर सहा महिन्यांनी भरून पाठवलेल्या प्रश्नावल्यांमधून. संधिवाताच्या संशोधनात याहून झगमगीत शोध बरेच लागले. मला मात्र हे प्रकरण फार मोलाचं वाटतं, कारण माणसांना वर्षानुवर्षं चिकाटीने विचारत राहिलं की काय हाती लागतं, हे त्यात लख्ख दिसतं.

गोळी आणि जठर

ज्या गोळ्यांबद्दल हे आहे त्या सूज आणि वेदना कमी करणाऱ्या, पण स्टिरॉईड नसलेल्या. डॉक्टरमंडळी त्यांना ‘एनसेड’ म्हणतात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, डायक्लोफिनॅक ही त्यातली नेहमीची नावं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, म्हणजे आमवाताचा, रुग्ण सकाळी उठतो तेव्हा बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. ही गोळी घेतल्यावर तासाभरात हात थोडे मोकळे होतात. ज्याने ती आखडलेली सकाळ सोसली आहे त्याला “गोळी कमी करा” असं सांगणं सोपं नसतं.

अ‍ॅस्पिरिन जठराला इजा करतं हे १९३८ मध्येच डाउथवेट आणि लिंटॉट या ब्रिटिश डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून दाखवलं होतं. असं का होतं याचा उलगडा १९७१ मध्ये औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांच्या कामातून झाला. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन तयार होऊ देत नाहीत. सांध्यातल्या सुजेमागे प्रोस्टाग्लँडिन असतं, म्हणून सूज उतरते. पण जठराच्या आतल्या थरावरचा चिकट लेप, आम्ल मारणारा क्षार आणि तिथला रक्तपुरवठा राखण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतं. तेही बंद पडतं. शिवाय रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी मंदावतात, त्यामुळे व्रण झाला आणि त्यातून रक्त येऊ लागलं तर ते लवकर थांबत नाही. व्हेन यांना या कामासाठी १९८२ चं नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं.

म्हणजे धोका आहे हे माहीत होतं. तो किती आहे आणि कुणाला आहे, हे माहीत नव्हतं. आणि उपचार ठरवताना नेमकं तेच लागतं.

तारखांचा तक्ता

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संधिवाततज्ज्ञ जेम्स फ्राइस यांना रुग्णाच्या केसपेपरबद्दल एक खंत होती. केसपेपर म्हणजे कादंबरीसारखा मजकूर. मागच्या वर्षी हिमोग्लोबिन किती होतं, गोळी कधी बदलली, तेव्हा सांधे किती सुजले होते, हे शोधायला पानंच्या पानं उलटावी लागत. १९७२ मध्ये त्यांनी वेगळी पद्धत मांडली. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला मोजमापं, आणि हा सगळा तक्ता संगणकात. एका रुग्णाचा प्रवास एका नजरेत दिसतो, आणि हजार रुग्णांचे तक्ते एकमेकांशेजारी ठेवता येतात. यातूनच सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘अ‍ॅरामिस’ उभं राहिलं. अमेरिका-कॅनडातल्या अनेक केंद्रांमधल्या संधिवाताच्या रुग्णांची ही सामाईक नोंदपेढी होती.

तक्त्यात काय भरायचं, हा खरा प्रश्न होता. तोवर संधिवाताची मोजदाद डॉक्टरच्या बाजूने व्हायची. किती सांधे सुजलेत, सूज किती आहे हे सांगणारा रक्ताचा ईएसआर किती, एक्स-रेमध्ये हाड किती खाल्लं गेलंय. फ्राइस यांचं म्हणणं होतं की रुग्णाला या आकड्यांची पर्वा नसते. त्याला पाच गोष्टींची पर्वा असते: मरण लांब राहावं, हातपाय चालावेत, वेदना नसाव्यात, औषधांचा अपाय होऊ नये आणि खर्चाने कंबरडं मोडू नये. या पाचही गोष्टींना नोंदवहीत जागा हवी. आपल्या प्रकरणासाठी त्यातली चौथी महत्त्वाची, कारण औषधाचा अपाय हा स्वतंत्र, नेमाने विचारायचा विषय आहे असं त्यात पहिल्यापासून धरलेलं होतं.

१९८० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. हातपाय किती चालतात हे मोजणाऱ्या भागात २० प्रश्न आहेत आणि ते आठ गटांत विभागलेले आहेत. गेल्या आठवड्यात तुम्हाला कपड्यांची बटणं लावता आली का? स्वतःचे केस धुता आले का? पाठीच्या सरळ खुर्चीतून उठता आलं का? भरलेला पेला तोंडापर्यंत नेता आला का? पाच पायऱ्या चढता आल्या का? नळ उघडता-बंद करता आला का? प्रत्येक प्रश्नाला चारच उत्तरं: काही अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, जमतच नाही. गुण ० ते ३. गटातला सगळ्यात वाईट गुण धरायचा आणि आठही गटांची सरासरी काढायची. गुण देताना एक बारकावा पाळतात. रुग्ण एखादं काम काठी, कुबडी किंवा खास मूठ लावलेला चमचा वापरून करत असेल आणि त्याने “अडचण नाही” अशी खूण केली असेल, तरी त्या गटाचा गुण २ पर्यंत वर नेतात. माणूस साधनांची सवय करून घेतो आणि त्याला आपलं अपंगत्व दिसेनासं होतं. प्रश्नावली बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

हा बारकावा मी मुद्दाम सांगतोय. “अडचण नाही” असं रुग्ण म्हणाला म्हणून अडचण नसतेच असं नाही, ही जाणीव या कामाच्या मुळाशीच होती. पुढे पोटाच्या बाबतीत तीच उपयोगी पडली.

फॉर्म पोस्टाने जायचा. अर्धवट भरलेला आला तर फोन करून रिकाम्या जागा विचारून घ्यायच्या. आलाच नाही तर पुन्हा पाठवायचा, पुन्हा फोन करायचा. रुग्णाने ‘गेल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल झालो’ असं लिहिलं असेल, तर त्याच्या शब्दावर न थांबता रुग्णालयाचे कागद मागवून कारण पडताळून पाहायचं. कुणाकडून काहीच कळेनासं झालं, तर त्याचं नाव देशाच्या मृत्युनोंदीत शोधायचं. हे काम कंटाळवाणं आणि खर्चिक आहे, त्यात कुणाचं नाव होत नाही. पण पाठपुराव्याचं संशोधन टिकतं ते याच कामावर. जो उत्तर पाठवत नाही तो बहुधा एक तर फार बरा असतो किंवा फार आजारी. त्याला गाळून उरलेल्यांची सरासरी काढली की चित्र खोटं येतं.

एका डॉक्टरला हे का दिसलं नसतं

अ‍ॅरामिसच्या नोंदींवरून पुढे जो दर निघाला तो असा: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे १००० रुग्ण वर्षभर या गोळ्या घेत असतील, तर त्यांतल्या १३ जणांना पोटाची गंभीर इजा होते. रक्तस्राव, जठराला किंवा आतड्याला भोक पडणं, अडथळा. गुडघ्याच्या झिजेसारख्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये हाच दर थोडा कमी, हजारी ७.३.

हजारी १३ हा आकडा कानाला छोटा वाटतो. समजा, एका डॉक्टरकडे असे ५० रुग्ण आहेत. दीड वर्षाने त्यातला एक जण रक्ताची उलटी होऊन दाखल होईल. तो संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात येणार नाही, रात्री-अपरात्री तातडीच्या विभागात जाईल. त्याला शल्यचिकित्सक किंवा पोटविकारतज्ज्ञ पाहतील. त्यांच्या कागदावर ‘जठराचा व्रण, रक्तस्राव’ असं निदान लिहिलं जाईल. संधिवाताच्या डॉक्टरला कळलंच तर महिनाभराने कळेल, आणि तोवर समोर बसलेले उरलेले ४९ जण सांगत असतील की पोटाचा काही त्रास नाही. यात डॉक्टरचा निष्काळजीपणा कुठेच नाही. तो जिथे बसलाय तिथून हे दिसणं शक्यच नाही.

औषधचाचण्यांमध्ये तरी दिसायला हवं होतं ना? त्याचाही हिशोब करून पाहू. ३०० रुग्णांना १२ आठवडे गोळी दिली तर एकूण सुमारे ६९ रुग्णवर्षं होतात (एका रुग्णाने वर्षभर गोळी घेतली की एक रुग्णवर्ष). हजारी १३ च्या दराने त्यात एखादीच गंभीर घटना अपेक्षित आहे, कदाचित एकही नाही. त्यातच चाचणीत घेताना आधी व्रण झालेले, फार वयस्कर, सोबत स्टिरॉईड चालू असलेले रुग्ण वगळले जातात. ज्यांना धोका जास्त तेच बाहेर ठेवल्यावर गोळी निर्धोकच दिसणार.

१९८९ मध्ये फ्राइस आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरामिसच्या नोंदींतून धोका कुणाला जास्त हे मांडलं. वय जास्त असलेले. आधी अशा गोळ्यांनी पोटाचा त्रास झालेले. गोळीची मात्रा मोठी असलेले. सोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉईड घेणारे. आणि ज्यांचं अपंगत्व जास्त आहे असे. हा शेवटचा मुद्दा बटणं आणि नळाच्या त्या प्रश्नांशिवाय हाती लागलाच नसता. ज्याचे हात जास्त अडलेले, त्याच्या पोटाला धोका जास्त.

चौतीस जण

प्रकरणाचा गाभा १९९६ च्या एका अभ्यासात आहे. गुरकीरपाल सिंग आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरामिसमधल्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १,९२१ रुग्णांचा अडीच वर्षांचा पाठपुरावा तपासला. पोटाची काही ना काही तक्रार १५ टक्के रुग्णांनी नोंदवली होती. गंभीर इजा झाली ४२ जणांना. या ४२ जणांची आधीची पानं उलटून पाहिली, तर ३४ जणांनी, म्हणजे ८१ टक्क्यांनी, त्याआधी साधी जळजळसुद्धा नोंदवलेली नव्हती.

इथे क्षणभर थांबायला हवं. या लोकांना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. त्यांना नेमाने, लेखी विचारलं जात होतं. त्यांनी दुखणं अंगावर काढलं असंही म्हणता येत नाही, कारण दुखतच नव्हतं. व्रण शांतपणे खोल जात राहिला आणि पहिली खूण मिळाली ती रक्तस्रावाचीच. जी गोळी जठराला इजा करते तीच वेदना दाबते, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं.

मग तक्रार असलेल्यांना धोका जास्त, हा १९८९ चा निष्कर्ष खोटा ठरला का? नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकेका माणसापुरतं पाहिलं तर आधी त्रास झालेल्याचा धोका जास्त. पण त्रास नसलेल्यांची गर्दीच इतकी मोठी की एकूण गंभीर घटनांपैकी बहुतेक त्याच गर्दीतून येतात. नुसत्या तक्रारींवर लक्ष ठेवून उपचार ठरवणारा डॉक्टर ४२ पैकी फार तर आठ जणांना वेळीच गाठू शकला असता.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त अस्वस्थ करतो. त्या काळी बऱ्याच रुग्णांना त्रास नसतानाही खबरदारी म्हणून अँटासिड किंवा रॅनिटिडीनच्या जातीतली पित्ताची गोळी दिली जायची. पोट सांभाळलं जाईल, हा हेतू. नोंदी सांगत होत्या की तक्रार नसताना अशी गोळी घेणाऱ्यांमध्ये गंभीर इजेची शक्यता ती न घेणाऱ्यांच्या दुपटीहून थोडी जास्त होती.

याचा अर्थ पित्ताच्या गोळीने व्रण होतो असा लावायचा का? घाई इथेच होते. पित्ताची गोळी सरसकट वाटलेली नव्हती. ज्या रुग्णाचं पोट नाजूक आहे असं डॉक्टरला आतून वाटलं, त्यालाच ती दिली गेली असेल. मग धोका गोळीमुळे वाढलेला नसून धोका होता म्हणून गोळी दिली गेली, असंही असू शकतं. पाठपुराव्याच्या संशोधनातला हा सगळ्यात फसवा खड्डा. वय, मात्रा, स्टिरॉईड असे मोजलेले फरक हिशोबात घेऊन वजा करता येतात. डॉक्टरच्या मनातली शंका कुठल्याच रकान्यात उतरत नाही.

तरीही एक गोष्ट निर्विवाद उरली. पित्ताच्या या गोळ्या नेहमीच्या मात्रेत देऊन पोट वाचतंय असं या नोंदींमध्ये कुठेही दिसलं नाही. आणि जळजळ शमवून या गोळ्या रुग्णाची उरलीसुरली सूचनाघंटा बंद करत असतील ही भीती खरी होती. गोळी देणारा आणि घेणारा, दोघंही निर्धास्त. उपचाराने मिळालेलं हे खोटं समाधान उघड व्हायला एवढा मोठा पाठपुरावा लागला. मिसोप्रोस्टॉल हे औषध गंभीर इजा सुमारे ४० टक्क्यांनी कमी करतं, हे १९९५ मध्ये ८,८४३ रुग्णांच्या चाचणीत दिसलं होतं. पण त्याने जुलाब होतात, पोटात मुरडा येतो, आणि बरेच रुग्ण ते सोडून देतात. ज्याला काहीच होत नाहीये तो जुलाब करणारी गोळी का घेईल?

सोळा हजार पाचशे

१९९९ मध्ये वूल्फ, लिक्टेनस्टाइन आणि सिंग यांनी एका लेखात अ‍ॅरामिसचे दर अमेरिकेतल्या सगळ्या संधिवात रुग्णांना लावून पाहिले. वर्षाला सुमारे १,०३,००० जण रुग्णालयात आणि १६,५०० मृत्यू. हे मृत्यू स्वतंत्र मोजले तर अमेरिकेतल्या मृत्यूच्या कारणांत त्यांचा क्रमांक पंधरावा लागेल, असं त्यांनी लिहिलं. त्या सुमारास एड्सने दरवर्षी जवळपास तितकीच माणसं तिथे मरत होती, आणि त्याबद्दल सगळीकडे चर्चा होती. या मृत्यूंबद्दल बाहेर कुणी बोलत नव्हतं.

हा आकडा पुढे इतका फिरला की तो कसा निघाला हेच लोक विसरले. तो मोजलेला नाही, गुणाकाराने काढलेला आहे. तज्ज्ञांकडे नियमित जाणाऱ्या, वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या रुग्णांतला दर घ्यायचा आणि त्याला लाखोंनी गुणायचं. दरातली छोटी चूक गुणाकारात हजारोंची होते. पाठपुराव्यातून मिळालेला दर भक्कम होता. त्यावरून काढलेला देशाचा आकडा अंदाज होता, आणि तो अंदाज म्हणूनच सांगायला हवा होता असं मला वाटतं. डॉक्टरांचं आणि औषधनियंत्रकांचं लक्ष वेधलं गेलं ते मात्र त्याच आकड्याने.

सौम्य म्हणवणाऱ्या गोळ्या

अ‍ॅरामिसच्या नोंदींचा आणखी एक परिणाम झाला आणि तो पोटापुरता राहिला नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा उपचार तेव्हा पिरॅमिडसारखा रचला जायचा. पायाशी विश्रांती, व्यायाम आणि या वेदनाशामक गोळ्या, कारण त्या ‘सौम्य’. वर, अगदी नाइलाज झाला तर, मेथोट्रेक्सेट किंवा सोन्याच्या क्षारांसारखी आजाराचा वेग रोखणारी ‘जहाल’ औषधं. रुग्ण वर्षानुवर्षं पायथ्याशीच राहायचा.

त्या वर्षांत सांध्यांचं काय होतं हे थिओडोर पिंकस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं. ७५ रुग्ण, नऊ वर्षं. हातपायांची शक्ती ओसरत गेली, नोकऱ्या सुटल्या, मृत्यूही अपेक्षेपेक्षा जास्त झाले. त्यात अ‍ॅरामिसच्या नोंदींनी दुसरी बाजू जोडली. फ्राइस यांनी वेगवेगळ्या औषधांच्या अपायांची एकाच मापाने तुलना केली. वेदनाशामकांमध्ये इंडोमेथॅसिन, टॉल्मेटिन आणि मेक्लोफेनामेट सगळ्यात घातक निघाली, तर ज्या मात्रेत रुग्ण प्रत्यक्ष घेत होते त्या मात्रेत आयब्युप्रोफेन आणि लेप दिलेलं अ‍ॅस्पिरिन तुलनेने बरं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘सौम्य’ आणि ‘जहाल’ गटांचे अपाय एकमेकांच्या इतके जवळ होते की पिरॅमिडचा पायाच डळमळला. जे औषध आजार रोखत नाही आणि अपायही तितकाच करतं, ते वर्षानुवर्षं एकटं का द्यायचं?

१९८९ मध्ये विल्स्के आणि हीली यांनी पिरॅमिड नव्याने रचायची हाक दिली. १९९० मध्ये फ्राइस यांनी करवतीच्या दात्यांची उपमा वापरून दुसरी पद्धत मांडली: आजार रोखणारं औषध लवकर सुरू करायचं, अपंगत्वाचा गुण ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की औषध बदलायचं, म्हणजे गुण पुन्हा खाली येतो. रुग्णाने घरी बसून बटणं आणि नळाबद्दल केलेल्या खुणांवरून औषध बदलण्याची वेळ ठरवायची, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती.

उतार

पोटाच्या इजेवर तोडगा म्हणून नव्या गोळ्या आल्या. जठर सांभाळणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनला शक्यतो हात न लावता सूज उतरवायची, अशी कल्पना. त्यातल्या रोफेकॉक्सिबची चाचणी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ८,०७६ रुग्णांवर झाली आणि २००० मध्ये प्रसिद्ध झाली. नॅप्रोक्सेनच्या तुलनेत पोटाच्या घटना निम्म्याहून कमी. पण त्याच तक्त्यात हृदयविकाराचे झटके जास्त दिसत होते. ३० सप्टेंबर २००४ रोजी ती गोळी जगभरातून मागे घेतली गेली. पोट वाचवण्याच्या नादात हृदयाकडे पुरेसं पाहिलं गेलं नाही, याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, मी त्यात शिरत नाही.

अ‍ॅरामिसची मंडळी दरम्यान फॉर्म पाठवतच होती. २००४ मध्ये फ्राइस आणि सहकाऱ्यांनी ५,५९८ रुग्णांच्या नोंदींवरून पूर्ण आलेख मांडला. पोटाच्या कारणाने दाखल होण्याचा वार्षिक दर १९८१ मध्ये ०.६ टक्के होता. १९९२ मध्ये तो १.५ टक्क्यांवर पोचला. २००० मध्ये ०.५ टक्के. शिखरावरून दोन तृतीयांश घट. आणि हा उतार नव्या गोळ्या बाजारात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, त्या आल्या १९९९ मध्ये.

मग घट कशाने झाली? लेखकांच्या हिशोबाने २४ टक्के वाटा मात्रा कमी केल्याचा. १४ टक्के घातक गोळ्या सोडून बऱ्या गोळ्या निवडल्याचा. १८ टक्के ओमेप्रॅझोलच्या जातीतल्या, आम्ल खरोखर रोखणाऱ्या औषधांचा. तिन्ही मिळून ५६ टक्के. उरलेल्या घटीचं श्रेय त्या हिशोबात कुणाच्या नावावर नाही. माझा अंदाज असा की डॉक्टर सावध झाले आणि त्यांनी कुणाला ही गोळी द्यायचीच नाही हे ठरवायला सुरुवात केली. न दिलेल्या गोळीची नोंद होत नाही.

एका गोष्टीची आठवण ठेवूनच हा आलेख वाचावा लागतो. ज्याला गोळी बाधते तो ती सोडतो किंवा दगावतो. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांच्या गटात हळूहळू ज्यांना ती मानवते तेच उरतात, आणि गोळी आहे त्यापेक्षा निरुपद्रवी दिसू लागते. म्हणून अशा नोंदपेढीत नवे रुग्ण सतत येत राहावे लागतात आणि गेलेल्यांचा माग काढत राहावा लागतो.

आज संधिवाताच्या तपासणीत “पोटाचा काही त्रास?” हा प्रश्न राहिलाच आहे, पण उत्तर “नाही” आलं म्हणून बोलणं संपत नाही. वय किती, पूर्वी कधी व्रण झाला होता का, सोबत स्टिरॉईड चालू आहे का, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी आहे का, दुकानातून परस्पर आणलेली दुसरी वेदनाशामक गोळी तर घेत नाही ना, हेही विचारलं जातं. धोका दिसला तर त्रास नसतानाच जठराचं संरक्षण करणारी गोळी सोबत दिली जाते. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला तर थांबायचं नाही, लगेच यायचं, हे सांगितलं जातं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून त्या चालू आहेत का हेही पाहतात. आणि रुग्ण हसऱ्या चेहऱ्याने “एकदम ठीक आहे, डॉक्टर” म्हणाला, तरी मागच्या वेळचं आणि या वेळचं हिमोग्लोबिन शेजारी शेजारी ठेवून बघितलं जातं.